पुलेट येण्याआधी: झिंक, सेलेनियम आणि शिसं-कॅडमियमचा बंदोबस्त

विट्याच्या बाजूला लेअर, म्हणजे अंड्यांच्या कोंबड्या, करणाऱ्याला लसी, लाइट, पिंजरे यांची यादी तोंडपाठ असते. शिसं आणि कॅडमियम त्या यादीत सहसा नसतं, कारण त्यानं कोंबडी एका रात्रीत मरत नाही. अंडी घटतात, कवच पातळ पडतं आणि आपण औषधांच्या दुकानात फेऱ्या मारत बसतो.

सोळा आठवड्यांचे पुलेट, म्हणजे अजून अंड्यावर न आलेल्या तलंगा, यायला महिना राहिला की आधी बोअरचं पाणी तपासायला द्या. नुसता टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेल्या क्षारांचा एकूण आकडा, पुरत नाही, धातूंची तपासणी मागून घ्या. माणसाच्या पिण्याच्या पाण्याला आयएस १०५०० या भारतीय मानकाप्रमाणे लिटरमागे शिसं ०.०१ आणि कॅडमियम ०.००३ मिलीग्रॅमच्या आत लागतं. कोंबडीलाही तेच माप लावा. मग शेडभोवती चक्कर मारून फुटक्या बॅटऱ्या, जुन्या ऑइलपेंटचे पोपडे उचला. कोंबडी चमकणाऱ्या तुकड्यावर चोच मारणारच. तासगावकडून स्वस्तात मिळालेलं द्राक्षबागेच्या फवारणीचं बॅरल पाण्याला लावू नका, दहा वेळा धुतलं तरी.

खरी गोम खनिजांच्या पोत्यात आहे. झिंकच्या खनिजातच कॅडमियम असतं, त्यामुळे नीट शुद्ध न केलेलं झिंक ऑक्साईड किंवा सल्फेट घातलं तर ज्याच्यापासून वाचायचं तेच आपण हातानं चारतो. मी एकदा उसासाठी आणलेलं झिंक सल्फेट खाद्यात मिसळायला निघालो होतो, भावानं हात धरला म्हणून वाचलो. पोत्यावर फीड ग्रेड, म्हणजे जनावरांच्या खाद्यासाठीचं, असं लिहिलेलं हवं आणि त्या लॉटचा शिसं-कॅडमियमचा रिपोर्टही विक्रेत्याकडून मागा. डीसीपीचंही (डायकॅल्शियम फॉस्फेट) तसंच, रॉक फॉस्फेटमधून त्यात कॅडमियम येऊ शकतं. सुकट घालत असाल तर तिचीही तपासणी करून घ्या.

चांगलं झिंक मात्र खरंच उपयोगी पडतं. ते पुरेसं असलं की शरीरात मेटॅलोथायोनिन नावाचं प्रथिन वाढतं आणि कॅडमियमला बांधून ठेवतं. कॅडमियम बाहेर जात नाही, यकृत-मूत्रपिंडात साठतंच, पण त्रास कमी होतो. सेलेनियम ग्लुटाथायोन पेरॉक्सिडेज या एन्झाइमचा भाग आहे. धातूंमुळे पेशींची जी जाळपोळ होते ती हे एन्झाइम आवरतं. पाऱ्याला तर सेलेनियम थेट चिकटतं. कॅल्शियम कमी पडलं की आतड्यातून शिसं जास्त शोषलं जातं, म्हणून चुनखडी-शिंपल्यात काटकसर नको. फार चुना घातला तर उलट झिंक अडकतं, तेव्हा फॉर्म्युला पशुवैद्याकडून बघून घ्या.

सेलेनियम घरी मोजू नका. टनभर खाद्याला ०.३ ग्रॅम सेलेनियम म्हणजे सोडियम सेलेनाईट पाऊण ग्रॅमसुद्धा नाही, आणि जास्त झालं तर तेच विष. तयार प्रीमिक्सच, म्हणजे आधीच मोजून मिसळलेला खनिजांचा मसाला, घ्या. तो आधी दहा-वीस किलो भरड्यात कालवा, मग मिक्सरमध्ये सोडा. झिंकचा हातही सैल नको, फार झालं तर तांबं शोषलं जात नाही.

कुठं तपासायचं कळत नसेल तर शिरवळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात विचारा. आणि प्रत्येक लॉटच्या खाद्याची एक किलोची पिशवी, तारीख घालून, बॅच विकेपर्यंत उंदरांपासून लांब जपून ठेवा.