रात्रीचे आणि आतषबाजीचे फोटो: ऑटो बंद करा, मग सुरुवात

नव्या कॅमेऱ्याने रात्री काढलेला पहिला फोटो बहुधा हललेला निघतो, नाहीतर काळं आकाश करडं दिसतं. कॅमेरा बिघडलेला नसतो. समोरचं दृश्य मध्यम उजेडाचं असावं असं धरूनच त्याचा मीटर चालतो, म्हणून अंधार दिसला की तो उजळ करायला जातो. ऑटोफोकसला तर अंधारात पकडायला काही सापडतच नाही. तेव्हा डायल 'एम'वर (मॅन्युअल) न्या, फ्लॅश बंद करा, फोटो रॉमध्ये (सेन्सरने टिपलेला सगळा तपशील ठेवणाऱ्या फाइलमध्ये) घ्या आणि व्हाइट बॅलन्स, म्हणजे फोटोची रंगछटा ठरवणारं सेटिंग, ऑटोवर न ठेवता ४००० केल्व्हिनच्या आसपास पक्का करा. ऑटोवर राहिला तर एका फोटोत आकाश निळसर आणि पुढच्यात पिवळट येतं.

ट्रायपॉड लागतोच. वरचे जाड पाय आधी उघडा, उंची कमी पडली तरच खालचे बारीक. मधला दांडा वर काढला की कॅमेरा वाऱ्याने डोलतो, म्हणून तो खालीच राहू द्या. लेन्सचं किंवा कॅमेऱ्याचं स्टॅबिलायझेशन (हाताचा कंप सावरणारी सोय) ट्रायपॉडवर बंद करा. नसलेला कंप शोधण्याच्या नादात काही वेळा तेच फोटो हलवतं. लेन्सवरचा फिल्टरही काढा, नाहीतर दिव्यांची हिरवट भुतं फोटोत उमटतात.

सगळ्यात जास्त फोटो वाया जातात ते फोकसमुळे. लेन्सची रिंग अनंताच्या खुणेवर नेली की झालं, असं वाटतं. पण बऱ्याच लेन्सची रिंग त्या खुणेच्याही पुढे फिरते. लाइव्ह व्ह्यू (मागच्या स्क्रीनवर थेट दिसणारं दृश्य) सुरू करा, लांबचा एखादा दिवा स्क्रीनच्या मधोमध आणा आणि १० पट मोठा करून बघा. फोकस मॅन्युअलवर ठेवून रिंग हळूहळू फिरवा. दिव्याचा फुगलेला गोळा आकसत आकसत ठिपक्याएवढा होईल आणि रिंग आणखी फिरवली की पुन्हा फुगेल. पुन्हा फुगायला लागला की मागे या आणि ठिपका सर्वांत बारीक दिसेल तिथे थांबा. मग रिंगवर चिकटपट्टी लावा. त्यानंतर झूम बदलला तर फोकसही सरकू शकतो, तेव्हा आधी चौकट ठरवा आणि फोकस नंतर लावा.

इमारती, पूल, रस्ते यांसाठी १०० आयएसओ (सेन्सरची उजेडाची संवेदनशीलता), एफ/८ (अ‍ॅपर्चरचा, म्हणजे लेन्सच्या छिद्राचा आकडा; तो जितका मोठा तितकं छिद्र लहान) आणि ४ सेकंदांच्या शटरपासून सुरुवात करा. सूर्य मावळल्यावर २० ते ३० मिनिटांनी आकाशात गडद निळा उजेड उरलेला असतो, तेव्हाचे फोटो मध्यरात्रीच्या फोटोंपेक्षा जवळजवळ नेहमीच सरस येतात. गाड्यांच्या दिव्यांच्या सलग रेषा हव्या असतील तर १० ते २० सेकंद द्या. चौकट तपासायला दर वेळी एवढं थांबायची गरज नाही: ६४०० आयएसओवर पाव सेकंदात जेवढा उजेड दिसतो तेवढाच १०० आयएसओवर १६ सेकंदांत मिळतो. चाचणी तिकडे, खरा फोटो इकडे. शटर बोटाने दाबू नका, २ सेकंदांचा टायमर लावा. निकाल हिस्टोग्राममध्ये, म्हणजे फोटोतला उजेड-अंधार दाखवणाऱ्या आलेखात, बघा. अंधाराला सरावलेल्या डोळ्यांना स्क्रीनवरचा काळपट फोटोही झकास वाटतो.

आतषबाजीचं गणित वेगळं आहे. ठिणगी धावत असते, त्यामुळे सेन्सरवरच्या एका जागी तिचा उजेड क्षणभरच पडतो. शटर आणखी उघडं ठेवलं तरी ती रेघ उजळ होत नाही, फक्त चौकटीत आणखी फुलं जमा होतात. रेघेचा उजेड अ‍ॅपर्चर आणि आयएसओ ठरवतात, फुलांची संख्या शटर ठरवतं. १०० आयएसओ आणि एफ/८ ते एफ/११ ठेवा. रेघा रंग हरवून पांढऱ्याफटक झाल्या तर एफ/१६कडे जा, फिक्या आल्या तर एफ/५.६कडे.

इथे टायमर कुचकामी, कारण २ सेकंदांत फूल उमलून विझतं. केबल किंवा वायरलेस रिमोट घ्या आणि शटर बल्बवर ठेवा, म्हणजे बटण दाबून धराल तेवढा वेळ ते उघडं राहतं. वर चढणारी शेपटी दिसली की बटण दाबा, शेवटच्या ठिणग्या विझल्या की सोडा. साधारण २ ते ६ सेकंद होतात. रिमोट नसेल तर शटर ४ सेकंदांवर ठेवून हलक्या हाताने दाबत राहा. काही फोटो हुकतील, काही जमतील. वेगवेगळ्या वेळी उडालेली फुलं एकाच फोटोत हवी असतील तर शटर उघडंच ठेवा आणि मधल्या वेळात लेन्ससमोर काळा, न चकाकणारा पुठ्ठा धरा. लेन्सला धक्का लागू देऊ नका. तीन-चार फुलांवर थांबा, पुढे नुसती गिचमीड होते.

लाँग एक्सपोजर नॉइज रिडक्शन (शटर बराच वेळ उघडं राहिल्याने फोटोत येणारे रंगीत ठिपके पुसणारी सोय) आधीच बंद करा. ५ सेकंदांच्या फोटोनंतर कॅमेरा आणखी ५ सेकंद शटर बंद ठेवून दुसरी चौकट घेतो आणि तेवढा वेळ तुम्ही हात चोळत बसता.

जागा निवडताना वारा बघा. तो पाठीमागून किंवा बाजूने यायला हवा. समोरून आला तर धूर तुमच्याच दिशेने येतो. पहिल्या काही मिनिटांत हवा स्वच्छ असते, चांगले फोटो तेव्हाच मिळतात. फुलं किती उंच जातात ते पहिल्या दोन-तीन बारांत कळतं. वर भरपूर जागा सोडा, कॅमेरा उभा धरा आणि खाली पाणी किंवा इमारतींची रांग घ्या. शेवटच्या धडाक्यात एकदम इतकं उडतं की उजळलेल्या धुरासकट सगळं पांढरं होतं. तेव्हा एफ/१६ आणि एखादा सेकंद पुरे.

परतताना चिकटपट्टी काढा, ऑटोफोकस आणि स्टॅबिलायझेशन पुन्हा सुरू करा, व्हाइट बॅलन्स ऑटोवर न्या. हे राहून गेलं तर दुसऱ्या दिवशी सकाळचे सगळे फोटो अस्पष्ट आणि निळे निघतील.