रेम्ब्रँटच्या छापचित्राचा कागद फोटोवरून कसा ओळखावा

डच चित्रकार रेम्ब्रँट १६६९ साली वारला, पण त्याने चित्रं कोरलेल्या तांब्याच्या प्लेटांवरून छपाई पुढेही चालू राहिली. अठराव्या शतकात पॅरिसमध्ये संग्राहक वातले आणि नंतर छापचित्रांचा व्यापारी बासाँ यांच्या हाती त्यातल्या बऱ्याच प्लेटा होत्या. त्यामुळे हातातला ठसा (म्हणजे प्लेटवरून छापलेली प्रत) रेम्ब्रँटच्या हयातीतला की नंतरचा, हा प्रश्न पडतोच. अशा वेळी चित्राआधी कागद बघावा.

त्या काळचा युरोपी कागद ओला लगदा तारेच्या जाळीवर हाताने उचलून केलेला असे. उजेडासमोर धरला की बारीक रेषा दिसतात, साधारण मिलिमीटरभर अंतरावर. त्यांना काटकोनात छेदणाऱ्या साखळी-रेषा दोन-अडीच सेंटिमीटरवर असतात. जाळी हाताने बांधलेली, म्हणून साखळी-रेषांची अंतरं सगळीकडे सारखी येत नाहीत. हीच त्या जाळीची ओळख. दोन ठशांचे कागद एकाच जाळीवरचे निघाले, तर ते एकाच खरेदीतले, म्हणजे जवळपास एकाच काळात छापलेले असण्याची शक्यता बळावते.

पहिलं काम फोटोंचं. मागे पुठ्ठा चिकटवलेला नसलेला कागद एलईडी लाइट पॅडवर ठेवा, शेजारी मिलिमीटरची पट्टी ठेवा, कॅमेरा ट्रायपॉडवर बरोबर वर बसवा. एक फोटो खालून उजेड देऊन काढा, दुसरा पॅड बंद करून वरच्या उजेडात. मधे कशालाही हात लावू नका. माझा पहिला प्रयत्न इथेच फसला: बटण दाबताना कॅमेरा केसभर हलला आणि दोन्ही फोटोंतली शाई जुळेना. आता मी टायमर लावतो.

आता इमेजजे हे मोफत सॉफ्टवेअर उघडा. पट्टीवरून स्केल ठरवा. मग इमेज कॅल्क्युलेटरमध्ये खालच्या उजेडाच्या फोटोला वरच्या उजेडाच्या फोटोने भागा. निकाल ३२-बिट ठेवा, म्हणजे भागाकारातले दशांश टिकतात. शाई दोन्ही फोटोंत असते, म्हणून ती बरीचशी फिकी पडते आणि कागदाचा जाड-पातळपणा वर येतो. गडद छायेचा भाग मात्र हट्टी असतो; तिथे वेळ घालवू नका, कोरा समास गाठा.

साखळी-रेषा उभ्या येईपर्यंत चित्र फिरवा. आडवी रुंद पट्टी निवडून प्लॉट प्रोफाइल (पट्टीभर उजेड कसा बदलतो त्याचा आलेख) काढा. शिखरांमधली अंतरं ओळीने लिहा: समजा २४.६, २५.३, २३.९, २५.१ मिमी. बारीक रेषांसाठी एफएफटी (ठरावीक अंतराने पुन्हा येणारा नमुना शोधणारं गणित) चालवा. काळ्या चौकोनात दोन चमकते ठिपके दिसतील; त्यांवर माऊस नेला की खाली एका रेषेमागे किती मिमी ते दिसतं.

जुळवताना आकड्यांचा क्रम उलटाही वाचून बघा, कारण छापणाऱ्याने कागद पालथा किंवा उलटा घातलेला असू शकतो. ओलावा आणि वाळणं यांमुळे सगळी अंतरं थोडी कमीजास्त होतात, तेव्हा एकेका आकड्यापेक्षा त्यांचं परस्पर प्रमाण पाहा. आणि तीनच रेषा जुळल्या तर हुरळू नका.

छोट्या ठशांवर वॉटरमार्क (जाळीवर बसवलेल्या तारेच्या आकृतीची कागदात उमटलेली खूण) बहुतेक वेळा नसतोच, कारण मोठा ताव कापून वापरलेला असतो. असलाच, तर तो फक्त 'विदूषकाची टोपी' म्हणून नोंदवून थांबणं मला पटत नाही. कागद उचलणारे कारागीर दोन जाळ्या आलटूनपालटून वापरत आणि त्यांवरची टोपी एकाच नमुन्याची पण वेगळी वळवलेली तार असे. एक फोटो अर्धपारदर्शक करून दुसऱ्यावर ठेवा. टोपी बसते, पण तिच्याखालच्या गळपट्टीचं एक टोक शेजारच्या साखळी-रेषेपासून दोन मिलिमीटर सरकलेलं दिसलं, तर समोर बहुधा त्या जोडीतली दुसरी जाळी आहे.