मऊ खडकात पाईल: शेवटचा दीड मीटर कधी मारायचा

मुंबईत पाईलिंग (जमिनीत खोल बोअर मारून त्यात काँक्रीटचा खांब ओतणं) म्हटलं की सगळ्यांना काळा पत्थरच आठवतो, पण शिवडी, वडाळा, वरळी या पट्ट्यात बऱ्याच ठिकाणी खाली ब्रेशा, टफ नाहीतर शेल असा मऊ खडक लागतो. हा खडक बकेटमधून बाहेर येतो तेव्हा घट्ट वाटतो आणि पाणी लागलं की सुटायला लागतो. म्हणून इथे बोअर किती खोल गेला याच्याइतकंच सॉकेट, म्हणजे खडकात शिरणारा बोअरचा शेवटचा भाग, मारल्यावर काँक्रीट किती वेळात पडलं हे महत्त्वाचं.

खात्री करायची तर सॉकेटच्या खोलीवरचा मुठीएवढा तुकडा पाण्याच्या बादलीत टाका आणि अर्ध्या तासाने बघा. कडा झडल्यात, पाणी गढूळ झालंय, बोटाने दाबलं की पापुद्रे सुटतायत, म्हणजे बोअरच्या भिंतीचं पण आत तेच चाललंय. तो चिखल सायीसारखा भिंतीला बसतो आणि काँक्रीटची खडकाशी पकड जाते, आणि अशा खडकात बराचसा लोड त्या पकडीवरच असतो.

म्हणून माती, मुरूम आणि वरचा झिजलेला भाग आदल्या दिवशी मारून घ्या, केसिंग (वरची माती धरणारा लोखंडी पाईप) बसवा, बोअर बेंटोनाइटने (भिंत धरून ठेवणारी मातीची स्लरी) भरलेला ठेवा आणि सॉकेटच्या एक-दीड मीटर वर थांबा. रिगवाला (बोअरचं मशीन चालवणारा) म्हणणारच साहेब अर्ध्या तासाचं काम आहे, उरकून टाकतो, तरी नाही म्हणा. आम्ही एकदा ऐकलं होतं. संध्याकाळी सॉकेट पूर्ण, केजचं (सळयांच्या पिंजऱ्याचं) वेल्डिंग बाकी, काँक्रीटच्या गाड्या ट्रॅफिकच्या बंदीत अडकल्या आणि सकाळी साउंडिंग घेतलं, म्हणजे टेप सोडून खोली मोजली, तर तळात वीतभर गाळ. फ्लशिंग करून (स्लरी फिरवून तळ धुऊन) गाळ निघाला पण भिंतीवरची साय त्याने निघत नाही, शेवटी परत रीम करून (भिंत खरवडून) सॉकेट अजून खाली न्यावं लागलं.

सॉकेट सकाळी लवकर सुरू करा, पण त्याआधी केज पूर्ण तयार पाहिजे. सळई 12 मीटरची येते त्यामुळे 20 मीटरच्या पाईलला केज दोन तुकड्यांत उतरतो आणि बोअरच्या तोंडावर जोड मारण्यात तासभर सहज जातो, तो वेळ धरूनच चला. ट्रेमीचे (काँक्रीट बोअरच्या तळापर्यंत नेणाऱ्या नळीचे) सगळे पाईप जोडून जॉइंट आणि वॉशर बघून ठेवा. काँक्रीटचं गणित पण आदल्या दिवशीच, 1 मीटर व्यासाच्या 20 मीटर पाईलला 15.7 घनमीटर लागतं म्हणजे 6 घनमीटरच्या तीन गाड्या, पण मऊ खडकात बोअर फुगतो म्हणून मी चौथी सांगून ठेवतो. प्लांटला फोन करून पहिली गाडी निघायची वेळ पक्की झाली की मगच रिगला हात दाखवायचा.

सॉकेट झालं की सपाट तळाच्या क्लीनिंग बकेटने तळ साफ, लगेच टेपने खोली, मग केज, ट्रेमी, फ्लशिंग आणि त्याच टेपने परत खोली. दोन आकड्यांत फरक आला तर तेवढा गाळ आहे, परत फ्लश करा. तळाच्या स्लरीची घनता 1.2 च्या वर असेल तर काँक्रीट करायचं नाही, हे आयएस 2911 या पाईलच्या भारतीय मानकातच आहे. स्लम्प (काँक्रीट किती पातळ आहे त्याचं माप) 150 ते 180 मिमी, तोही साइटवर मोजलेला, प्लांटच्या चलनावरचा नको.

आणि पाईल रजिस्टरमध्ये दोन कॉलम वाढवा, सॉकेट संपल्याची वेळ आणि पहिलं काँक्रीट पडल्याची वेळ. कन्सल्टंटला मी आधी तेच पान दाखवतो.