5जी फोन घेताना बँड बघा

डब्यावर '5जी' लिहिलेलं असतं, तरी घरात शिरलं की फोन 4जीवर येतो. पैसे देण्याआधी पाच मिनिटं काढा.

1. डब्यावरचा नेमका मॉडेल नंबर टिपून घ्या.
2. फोन बनवणाऱ्या कंपनीच्या साइटवर त्याच नंबरचे 5जी बँड (फोन ज्या रेडिओ लहरींच्या पट्ट्यांवर नेटवर्क पकडतो ते) बघा. जिओसाठी एन28 आणि एन78 दोन्ही हवेत, शिवाय 'एसए' (स्टँडअलोन, म्हणजे 4जीच्या आधाराशिवाय चालणारं 5जी) लिहिलेलं हवं. एन28 म्हणजे 700 मेगाहर्ट्झ, भिंतींआड तो जास्त चांगला पोहोचतो. त्याच्याशिवाय मी तरी फोन घेणार नाही. एअरटेलसाठी आधी एन78 बघा.

परदेशातून कोणी फोन आणणार असेल तर जास्तच जपा. नाव तेच असलं तरी देशागणिक बँड बदलतात. अमेरिकेत विकल्या गेलेल्या आयफोन 14 ला तर सिमची खाचच नाही, फक्त ई-सिम (फोनमध्येच बसवलेलं सिम) चालतं.