दुर्बीण तपासणी अर्धवट राहिली तर पुढचा पर्याय कसा निवडावा

पाळी गेल्यानंतर अंगावरून लाल गेलं, किंवा सोनोग्राफीत गर्भपिशवीचं अस्तर जाड दिसलं, म्हणून डॉक्टरांनी हिस्टेरोस्कोपी (पिशवीत दुर्बीण घालून बघणं) नाहीतर बायोप्सी (अस्तराचा तुकडा काढून तपासणं) सांगितली. तुम्ही टेबलावर गेलात आणि मध्येच थांबावं लागलं. हे काही जगावेगळं नाही. पूर्ण भूल न देता केलेल्या दुर्बीण तपासण्यांपैकी शंभरात चारेक अशा अर्धवट राहतात. त्यात स्वतःचा धीर कमी पडला का, हे शोधत बसू नका.

मी स्त्रीरोग विभागात परिचारिका आहे, अशा टेबलाशेजारी उभं राहणं हे माझं रोजचं काम. तपासणी फसल्यावर बाहेरच्या बाकावर जे सल्ले मिळतात त्यांनी माझं डोकं उठतं. 'पॅप नॉर्मल आला होता ना, मग झालं.' पॅप तपासणी गर्भाशयाच्या मुखासाठी असते, पिशवीच्या आतल्या अस्तराबद्दल ती भरवशाचं काही सांगत नाही. 'काढून टाका ती पिशवी, कटकट मिटेल.' यावर पुढे बोलते. आणि तिसरा, सगळ्यात गोड वाटणारा: 'बघू, परत गेलं तर जाऊ.'

निघण्यापूर्वी तीन गोष्टी विचारून कागदावर लिहून घ्या: का थांबलं, कुठवर पोचलं होतं, आणि तुकडा मिळाला का. 'जमलं नाही' एवढंच उत्तर घेऊन घरी येऊ नका.

यातला 'का' सगळ्यात महत्त्वाचा, कारण उपाय त्यावरच ठरतो. दुखलं म्हणून थांबलं असेल तर भूल उपयोगी. घाम फुटून नाडी मंदावली, डोळ्यांपुढे अंधारी आली, तर ती मुखावर ताण पडल्याची प्रतिक्रिया असते. मुखाशी बधिरतेचं इंजेक्शन दिल्याने ती टळेलच असा भरवसा नाही. पण मुखच अरुंद किंवा बंद असेल, तर भूल दिल्याने ते रुंद होत नाही. पाळी जाऊन बरीच वर्षं झालेल्या, नैसर्गिक बाळंतपण न झालेल्या, किंवा मुखावर पूर्वी शस्त्रक्रिया झालेल्या बायकांमध्ये हे जास्त दिसतं. तिथे 'पुढच्या वेळी भूल देऊन करू' एवढ्यावर मान डोलावू नका. विचारा: या वेळी काय वेगळं करणार? सोनोग्राफीत बघत बघत मुख उघडणार का? नेहमीपेक्षा बारीक दुर्बीण आहे का? बंद मुखात जोर लावला की वाट चुकते, पिशवीला भोक पडू शकतं. ज्यांनी वेळीच हात आखडता घेतला, त्या डॉक्टरांनी काम बरोबर केलं.

आता ती पायरी, जिथे बायका अडतात आणि जी मलाही नीट समजायला वेळ लागला: हातात आलेल्या अर्धवट माहितीचा अर्थ लावणं.

समजा तुकडा घेतला होता. बायोप्सीची नळी जेमतेम तीन मिलिमीटर जाडीची असते. आतला दट्ट्या मागे ओढला की अस्तराचा थोडासा भाग त्यात खेचला जातो, आणि तो औषधाच्या बाटलीत सोडतात. कधी त्यात अस्तर असतं, कधी नुसता चिकट द्रव आणि रक्ताचे धागे. मग रिपोर्टवर येतं, 'नमुना निदानासाठी अपुरा'. घरी तो कागद 'काही सापडलं नाही' म्हणून वाचला जातो. तसं नाही हो! काही सापडलं नाही असं म्हणायला आधी काही तपासलेलं असावं लागतं. अपुरा नमुना म्हणजे तुमचा प्रश्न जिथे होता तिथेच आहे. नमुना पुरेसा येऊन रिपोर्ट चांगला आला, तरी नळी अस्तराच्या थोड्याच भागाला लागलेली असते. एका कोपऱ्यातला पॉलिप (अस्तरातून वाढलेला मऊ कोंब) तिच्या हाती लागेलच असं नाही. म्हणून रिपोर्ट चांगला असूनही रक्त जातच राहिलं, तर प्रश्न पुन्हा उघडायचा.

दुसरा आधार सोनोग्राफीचा. पाळी गेलेल्या बाईला पहिल्यांदाच रक्त गेलं असेल आणि योनीमार्गे केलेल्या सोनोग्राफीत अस्तर ४ मिलिमीटर किंवा त्याहून कमी, सलग आणि स्पष्ट दिसत असेल, तर कर्करोग असण्याची शक्यता शंभरात एकाहूनही कमी असते. अशा वेळी बायोप्सी जमली नाही तरी थांबून लक्ष ठेवणं हा खरोखर शहाणपणाचा पर्याय आहे.

पण हा आकडा लोक वाटेल तिथे वापरतात. पाळी चालू असेल तर तो तुमच्यासाठी नाहीच. तेव्हा अस्तर महिन्याभरात जाड-पातळ होतच असतं. टॅमॉक्सिफेन (स्तनाच्या कर्करोगावरची गोळी) घेत असाल तर त्या औषधानेच अस्तर जाड आणि ओबडधोबड दिसतं, त्यामुळे रक्त गेल्यावर नुसत्या जाडीवरून काही ठरवता येत नाही. गाठींमुळे किंवा पिशवी वळलेली असल्यामुळे अस्तर पूर्ण दिसलंच नसेल, तर रिपोर्टवर छापलेल्या आकड्याला अर्थ उरत नाही. आणि रक्त पुन्हा गेलं तर तो आकडा संपला, मग अस्तर ४ असो की २. कर्करोगाचे काही कमी आढळणारे पण आक्रमक प्रकार पातळ अस्तरातही वाढतात. हे मी ठणकावून सांगते, कारण 'माझं अस्तर बारीक आहे' या एका वाक्यावर बायका महिनोन्‌महिने डाग धूत बसतात.

आणखी एक. मुख बंद असेल तर आतलं रक्त आतच साठू शकतं. म्हणजे रक्त थांबलं याचा अर्थ कारण गेलं असा होत नाही. सोनोग्राफीत पिशवीत पाणी किंवा रक्त साठलेलं दिसलं का, हे मुद्दाम विचारा.

एवढं समजलं की पर्याय निवडणं त्यामानाने सोपं आहे.

जागेपणीच पुन्हा प्रयत्न. कारण दुखणं किंवा कोरडेपणा असेल तर हा पर्याय लगेच बाद करू नका. तासभर आधी डॉक्टरांनी सांगितलेली वेदनाशामक गोळी, मुखाशी इंजेक्शन, तीन-साडेतीन मिलिमीटरची दुर्बीण, एवढ्यानेही फरक पडतो. इटलीचे डॉक्टर स्तेफानो बेटोकी यांनी १९९०च्या दशकात एक पद्धत रूढ केली: योनीत चिमटा किंवा पत्रा (योनी उघडी धरणारं उपकरण) काही न लावता, पाण्याच्या प्रवाहाने वाट उघडत दुर्बीण सरळ आत न्यायची. ही पद्धत येणारे डॉक्टर मिळाले तर जरूर विचारा, विशेषतः शरीरसंबंध कधी आलेले नसतील किंवा पत्रा लावणंच सहन होत नसेल तर. कोरडेपणासाठी काही आठवडे योनीत इस्ट्रोजेन मलम सुचवलं जाऊ शकतं, पण रक्ताचं कारण न कळता ते स्वतःहून सुरू करू नका. मुख मऊ करणाऱ्या मिसोप्रोस्टॉलबद्दल माझं मत थंड आहे: पोटात कळा, थंडी वाजणं, जुलाब हे नक्की होऊ शकतं, आणि पाळी गेलेल्या बायकांत फायद्याचा भरवसा कमी.

भूल देऊन. कारण वेदना, भीती किंवा पूर्वीचा वाईट अनुभव असेल, शिवाय पॉलिप दिसलेला असेल, तर माझं मत सरळ याच बाजूला. पॉलिप त्याच बैठकीत काढताही येतो. हृदय, फुप्फुसं, जास्त वजन, झोपेत श्वास अडकणं, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या, हे भूलतज्ज्ञांना आधीच सांगा. पूर्ण भूल झेपत नसेल तर कमरेतून देता येते. भूल नको म्हणून तपासणीच टाळणं हा मात्र भूल आणि तपासणी यांचा चुकीचा हिशेब आहे.

पिशवीत पाणी सोडून सोनोग्राफी. पॉलिप छान दिसतो, पण त्यासाठीही बारीक नळी मुखातूनच आत जावी लागते. मुख बंद म्हणून दुर्बीण फसली असेल तर हेही फसू शकतं, आणि हे कुणी आधी सांगत नाही. एमआरआय आतलं चित्र दाखवतो, तुकडा देत नाही. रोगाचं निदान तुकड्यावर होतं.

पिशवी काढणं. तपासणी जमली नाही म्हणून उडी मारून इथे पोचू नका. आत कर्करोग असेल तर शस्त्रक्रिया वेगळ्या पद्धतीने आखावी लागते, आणि ते आधी माहीत असणं फार मोलाचं असतं. सगळे प्रयत्न थकले आणि संशय तरीही दाट असेल, तर हा पर्याय येतो. पण तेव्हा स्त्रियांच्या कर्करोगाच्या सर्जनचं मत घेऊन, आणि पिशवी आत तुकडे न करता अखंड काढण्याचं ठरवून.

थांबून लक्ष ठेवणं. वर सांगितलेल्या अटींत बसत असाल तरच. आणि थांबायचं म्हणजे तारीख ठरवून थांबायचं: पुढची सोनोग्राफी कधी, आणि कशावरून त्याआधीच यायचं. गुलाबी डाग दिसला तरी तो 'पुन्हा रक्त गेलं' यातच धरायचा. पाळी गेल्यावर रक्त जाणाऱ्या दहापैकी साधारण नऊ बायकांमध्ये कारण कर्करोग नसतं, त्यामुळे रात्रीची झोप उडवायची गरज नाही. पण पिशवीच्या अस्तराचा कर्करोग झालेल्यांपैकी सुमारे नव्वद टक्के बायकांना आधी रक्त गेलेलं असतं, त्यामुळे तारीख चुकवायचीही नाही. पुन्हा तपासणी करायचं ठरलं तर ती काही आठवड्यांत व्हावी. 'सहा महिन्यांनी बघू' असं कुणी म्हणालं, तर का ते विचारा आणि गरज वाटली तर दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्या. तेव्हा तो तीन ओळींचा कागद, सोनोग्राफीचा रिपोर्ट आणि बायोप्सीचा रिपोर्ट, तिन्ही सोबत न्या.

अर्धवट तपासणीनंतर एक-दोन दिवस थोडे डाग आणि पाळीसारखं दुखणं चालतं. ताप आला, पोटातलं दुखणं कमी व्हायच्या ऐवजी वाढत गेलं, घाण वासाचा स्राव आला किंवा तासातासाला पॅड भिजायला लागलं, तर पुढच्या तारखेची वाट न बघता त्याच दिवशी रुग्णालय गाठा आणि तपासणी अर्धवट राहिली होती, हे दारातच सांगा.