नदी नसलेल्या बेटाची पुळण मोजताना

कोकणात शिकलेला विद्यार्थी पुळण दिसली की सवयीने आधी नदीचं मुख, म्हणजे वाळूचा उगम, शोधतो. लक्षद्वीपमधल्या कवरत्ती बेटावर नदीच नाही. लक्षद्वीपची पांढरी वाळू म्हणजे प्रवाळाचा चुरा, शिंपल्यांचे तुकडे, फोरामिनिफेरा या एकपेशी समुद्री जीवांची कवचं आणि पोपटमाशाने प्रवाळ कुरतडून विष्ठेतून टाकलेली भुकटी. रीफ, म्हणजे बेटाभोवतीची प्रवाळाची भिंत, बनवेल तेवढाच माल. म्हणून ‘इथली वाळू गेली’ ही नोंद अर्धवट असते. ती बेटाच्या टोकाला वळसा घालून पलीकडे साठली, की रीफ ओलांडून खोल पाण्यात गेली? पहिली परत येऊ शकते, दुसरी नाही. एकाच पुळणीवर प्रबंध बेतू नका. बेटाभोवती छेद घ्या, म्हणजे झाडीपासून पाण्यापर्यंत पुळणीचा उतार ठरावीक रेषांवर मोजा, दोन्ही टोकांना जरा दाट.

भरती-ओहोटीतला फरक इथे दोन मीटरहूनही कमी, मुंबईच्या मानाने किरकोळ. पण त्यावरच सगळं फिरतं. लाट रीफच्या कडेवर फुटते आणि आतल्या सपाटीवर पाण्याच्या खोलीच्या साधारण निम्म्याहून मोठी टिकत नाही. अर्धा मीटर पाणी असेल तर किनाऱ्याला वीतभर लाट पोचते. दीड मीटर असेल तर गुडघ्याच्या वर. त्यामुळे धूप बहुतेक उधाणाच्या भरतीच्या त्या दोन-तीन तासांत होते. एप्रिल-मेमध्ये वारा नसतानाही दक्षिणेकडून लांब पल्ल्याच्या लाटा येतात. केरळात त्यांना कल्लक्कडल म्हणतात. त्या उधाणाला गाठून आल्या, तर एका रात्रीत वाळूचा उभा कडा तुटलेला दिसतो.

छेद उधाणाच्या ओहोटीला घ्या. पक्की खूण झाडीच्या आत, काँक्रीटवर ठेवा; माडाच्या बुंध्यावर नको, माडच पडतो. दीड मीटरच्या दोन काठ्या दीड मीटर अंतरावर उभ्या धरा. जमिनीकडच्या काठीमागून समुद्राकडच्या काठीचं टोक आणि क्षितिज एका रेषेत आणा. ती रेषा जवळच्या काठीला टोकाच्या जितकी खाली छेदते, तेवढा त्या टप्प्याचा उतार. काठी मऊ वाळूत रुतली, तर दर टप्प्याला सेंटिमीटरभर चूक साचत जाते आणि वीस टप्प्यांत वीतभर होते. तळाला लाकडी चकती लावा. क्षितिज धूसर असेल तर ऑटो लेव्हल (समपातळी मोजणारी दुर्बीण) काढा.

नमुना वरच्या दोन-तीन सेंटिमीटरचा, दोनशे ग्रॅम पुरे. गोड्या पाण्याने धुवा, सुकवा, मग चाळा. नेहमीच्या सवयीने शिंपले घालवायला हायड्रोक्लोरिक ॲसिड ओतलंत, तर बीकरमध्ये फेस येईल आणि तळाशी जवळपास काहीच उरणार नाही. नमुनाच शिंपला आहे.

उपग्रहचित्रात किनारा म्हणून ओली रेषा धरू नका. उतार १:१० असेल, तर पाणी एक मीटर चढताच ती दहा मीटर सरकते, म्हणजे सेंटिनेल-२ या उपग्रहाच्या चित्रातला आख्खा पिक्सेल. झाडीची कड धरा आणि चित्रं एकाच ऋतूतली घ्या. मे आणि नोव्हेंबरची तुलना केलीत, तर वाळूची पावसाळ्यातली ये-जाच धूप म्हणून छापली जाईल.