सोयाबीनची 'हवा' बघा, मगच क्रॅकर सुरू करा

लातूरच्या बाजारात सोयाबीनच्या ओलाव्याला 'हवा' म्हणतात. दहा हवा म्हणजे दाण्यात १० टक्के पाणी. सॉल्व्हंट प्लांट म्हणजे द्रावक वापरून सोयाबीनचं तेल काढणारा कारखाना. त्याच्या प्रेप विभागात, जिथे दाणा तेल काढण्यासाठी तयार करतात, मी १९ वर्षं काढली. नव्या पोराला पहिल्याच दिवशी सांगतो, हवा मोजणारा मीटर सरासरी दाखवतो, क्रॅकरच्या म्हणजे दाणा फोडणाऱ्या यंत्राच्या रोलखाली मात्र एकेक दाणा जातो.

दसरा-दिवाळीच्या मालाला १४-१५ हवा सहज लागते. त्यातही वरच्या पोत्यात ११ आणि तळाच्या पोत्यात १५. म्हणून बंबू (पोत्यातून नमुना काढायची टोकदार नळी) सगळ्या थरांत मारा. ड्रायरमधून गरम निघालेला दाणा थंड झाल्यावरच मीटरला लावा.

दाणा १० वर आला की लगेच क्रॅकरवर घ्यायचा मोह होतो. घेऊ नका. तो वरून वाळलेला, आत ओलाच असतो. सायलोत दिवस-दोन दिवस मुरू द्या, मग ओलावा सारखा पसरतो आणि टरफलही सुटं होतं. एका ऑक्टोबरमध्ये आम्ही टार्गेटपायी १३ चा माल तसाच ओढला. फ्लेक (फोडलेले तुकडे दाबून केलेली पातळ पापडी) रबरासारखी निघाली, तेल काढणाऱ्या एक्स्ट्रॅक्टरमध्ये थर चिकटून बसला, हेक्झेन (तेल विरघळवणारा द्रावक) वरच तुंबलं. पेंडीत एरवी एक टक्क्याच्या आत राहणारं तेल दोनच्या वर गेलं. ओल्या पेंडीतून हेक्झेन काढायला डी.टी.ला (डीसॉल्व्हंटायझर-टोस्टर या यंत्राला) वाफही जास्त लागली. त्या पाळीचा रिपोर्ट माझ्याच सहीचा होता, अजून लक्षात आहे.

एप्रिल-मेमध्ये उलटं होतं. ७-८ हवेचा दाणा क्रॅकरवर नीट फुटत नाही, त्याची चुरी होते. चुरी थरातल्या फटी बुजवते, शिवाय मिसेलाबरोबर (तेल आणि हेक्झेनच्या मिश्रणाबरोबर) वाहून पुढे गाळ करते. अशा वेळी पाणी शिंपडून भागत नाही. वरवर ओल येते, गर कोरडाच राहतो. क्रॅकरनंतर कंडिशनरमध्ये थोडी थोडी ओपन स्टीम (थेट मालात जाणारी वाफ) सोडा, तुकडे ६५-७० अंशांवर नरम होऊ द्या, मग फ्लेक करणाऱ्या फ्लेकरला सोडा.

फ्लेकरखालची मूठभर फ्लेक घ्या. जाडी ०.३ मिलिमीटरच्या आसपास हवी. मूठ घट्ट आवळून उघडा. बरोबर असेल तर फ्लेक दबते आणि हळूच मोकळी होते. पीठ हाताला लागलं तर कोरडी, लाडू वळला तर ओली. दर तासाला बघा. मे महिन्यातल्या दुपारी अर्ध्या तासाला, कारण तेव्हा कन्व्हेयरवरही माल वाळत जातो.